येळवशीला भावाच्या शेतात जाऊ का?

प्रश्न : मावशी, नमस्कार. मी औसा तालुक्यातली, वय ३३. नवरा अपघातात गेला तेव्हा लेक चार वर्षांची होती, आता नऊची आहे. मी शिलाईचं दुकान चालवते. शेजारी मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझ्या मशीनची मोटार जळाली तेव्हा त्यांची ओळख झाली. त्यांचीही बायको आजारपणात गेली. फार बोलत नाहीत, पण लेकीला शेजारी बसवून तांब्याच्या तारेचे वेढे मोजायला शिकवतात. त्यांनी लग्नाचं विचारलंय. माझं मन आहे, पण जरा हसले की नवऱ्याचा फोटो समोर येतो आणि मन खातं. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली नाही, तेव्हापासून भाऊ बोलत नाही. आई त्याच्याकडेच असते, शेजारणीच्या फोनवरून चोरून बोलते. सही देऊन टाकली तर भाऊ लग्नाला उभा राहील का?

उत्तर : बाळा, सही देऊ नकोस. भावाची माया परत मिळावी म्हणून तू जमीन द्यायला निघालीस, आणि अशी मिळालेली माया पुढच्या पेरणीपर्यंतही टिकत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे. दुसरं लग्न केलं म्हणून तो जात नाही. नवऱ्यामागे वारसाने तुझ्या नावावर लागलेलंही जात नाही आणि तुझ्या मुलीचा हिस्सा तर तिचाच. उद्या भाऊ नीट बोलायला लागला, आईचं सगळं तोच बघतो म्हणून काही सोडावंसं वाटलं, तर खुशाल सोड. लग्नाच्या बदल्यात मात्र नको.

लग्नाला भावाची परवानगी लागत नाही. पण भाऊ तुला हवाय, हे पत्रात ओळीओळीला दिसतं. म्हणून सांगते, यंदा येळवशीला, म्हणजे शेतात पूजा करून सगळ्यांनी मिळून जेवायच्या दर्शवेळा अमावस्येला, भावाच्या शेतात जा. माझं माहेर निलंग्याकडचं. आमच्या शिवारात धुऱ्यावरून कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ या दिवशी कडब्याच्या एका कोपीत जेवायचे. दर्शवेळेला रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून आंबील पाजतात, तिथं सख्ख्या बहिणीला आमंत्रण कशाला लागतं? बाजरीचे उंडे आणि भज्जी तुझ्या हातची ने. सोबत फक्त लेक. पांडवांची पूजा झाली की आईजवळ बस. जमिनीचा विषय त्याने काढला तरी तू काढू नकोस, ‘आज नको दादा’ एवढंच म्हण. तो बोललाच नाही, तरी पंगतीतून उठू नकोस. पोटभर जेव, वहिनीला भांडी घासू लाग.

आणि त्या माणसाचं नाव आईला तिथंच सांग, मग भावाला. औशासारख्या गावात दोन दुकानांमधली गोष्ट बाजारभर व्हायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर तो लग्नापेक्षा त्याचाच राग धरेल. तो लगेच ‘हो’ म्हणेल अशी आशा ठेवू नकोस. शांतपणे सांग, की मी विचारायला नाही, कळवायला आलेय, आणि अक्षता टाकायला तू हवास.

आता फोटोचं. तो भिंतीवरून काढू नकोस. नव्या घरातही लावायचा, हे त्यांना आत्ताच सांग. स्वतः बायको गमावलेला माणूस आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही असं मला वाटतं, तरी बोलून घे. त्यांच्या घरातही एक फोटो असेल. त्याला हार घालायची वेळ तुझ्यावर येईल, तेव्हा तुझं मन काय म्हणतं तेही बघ. हसण्याने गेलेल्या माणसाचं काही कमी होत नाही गं. पाच वर्षं तू एकटीने लेक वाढवलीस, हसण्यावर तुझा हक्क आहे.

राहिली लेक. ती ज्या हौसेने वेढे मोजते, त्यावरून तिचं उत्तर मला कळल्यासारखं वाटतं, पण विचार तिलाच, आणि लग्नाची तारीख धरायच्या आधी. ‘बाबा’ म्हणायची सक्ती कोणी करायची नाही. काका म्हणत असेल तर काकाच राहू देत.