झडपेच्या ऑपरेशनसोबत हृदय 'गोठवतात' म्हणजे नेमकं काय करतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बदलायची आहे, ठोकेही अनियमित आहेत आणि सर्जन म्हणाले, 'सोबत क्रायो मेझ करून टाकू.' हृदय गोठवलं तर ते बंद नाही का पडणार, हा तुमचा प्रश्न. मी मूळचा चोपड्याचा, हार्ट-लंग मशीन चालवतो. यावल, रावेरहून आलेले नातेवाईक ऑपरेशन थिएटरबाहेर मला हेच विचारतात.

अख्खं हृदय गोठवत नाहीत. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाली की वरचा डावा कप्पा फुगतो. मग त्याच्या भिंतीत विजेचे संदेश, पाट फुटल्यावर केळीच्या बागेत पाणी पसरावं तसे, वाट्टेल तिकडे धावतात. कप्पा नुसता थरथरतो, रक्त साचतं, गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा. मला ठोक्यांपेक्षा भीती या लकव्याची वाटते.

अमेरिकेत डॉ. जेम्स कॉक्स यांनी 1987 साली या अनियमित ठोक्यांवर 'मेझ' (भूलभुलैया) नावाचं ऑपरेशन केलं. कप्पा ठरावीक रेषांवर कापून पुन्हा शिवायचा. व्रणातून वीज जात नाही, त्यामुळे संदेशाला ठरलेल्या वाटेनेच जावं लागतं. आता बऱ्याचदा कापण्याऐवजी त्याच रेषा गोठवतात, हेच क्रायो मेझ. नायट्रस ऑक्साइड वायूने गार होणारा प्रोब (गोठवायची दांडी) उणे 60 अंशांच्या आसपास जातो, आर्गॉनचा त्याहून बराच खाली. एका जागी तो साधारण 2 मिनिटं टेकवतात. तिथल्या पेशी मरतात, पण भिंतीचा सांगाडा शाबूत राहतो, म्हणून झडपेच्या अगदी कडेलाही हे करता येतं. हृदय तेव्हा थांबवलेलंच असतं. रक्त आमचं मशीन फिरवतं. फक्त मशीनवरचा वेळ थोडा वाढतो.

माझं स्पष्ट मत, करून घ्या. झडपेसाठी हृदय उघडणारच आहेत, एवढ्यासाठी पुन्हा कोणी उघडणार नाही. पण सर्जनना विचारा: कप्पा किती फुगलाय? ठोके किती वर्षांपासून बिघडलेत? फार मोठा कप्पा आणि जुनं दुखणं असेल तर यशाची शक्यता घटते. गुठळी बहुतेकदा कप्प्याच्या ज्या कोपऱ्यातल्या पिशवीत होते, ती पिशवी बंद करणार का, हेही विचारा. काहींना नंतर पेसमेकर लागतो. पहिले 3 महिने ठोके अधूनमधून बिघडतात. तेवढ्यावरून ऑपरेशन फसलं असं धरू नका.

ठोके सुधारले तरी रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करायची नाही. धातूची झडप असेल तर गोळी जन्मभर, आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) करत राहायचं. पालेभाज्यांनी गोळीचा परिणाम बदलतो, तरी मेथी-पालक सोडायची गरज नाही, फक्त आठवडाभर काहीच नाही आणि मग रोज भाजी, असं नको.

महात्मा फुले योजनेतून करत असाल तर प्रोबचा खर्च त्यात धरलाय का, हे दाखल होण्याआधीच आरोग्यमित्रांना विचारून घ्या.