पोरगं टॉर्नेडोचे व्हिडिओ बघत बसतं, त्यात करिअर आहे का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झाला, आता पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहे. "रात्री दोन वाजेपर्यंत अमेरिकेतल्या टॉर्नेडोचे व्हिडिओ बघायलाय. परवा वळीव आला तर हा मोबाईल घेऊन स्लॅबवर! स्टॉर्म चेसर होतो म्हणतोय. असली नोकरी असते काय?" पत्राच्या मागच्या बाजूला मुलानं हळूच एक ओळ लिहिली आहे : टॉर्नेडो नैऋत्येकडून ईशान्येकडेच का जातात? (टॉर्नेडो म्हणजे वादळी ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा, गरगर फिरणारा हवेचा भोवरा.)

दादा, नोकरीचं आधी सांगतो. वादळामागं गाडी पळवायचा पगार तिकडंही फारसा कुणाला मिळत नाही. बहुतेकजण पदरचं पेट्रोल जाळतात आणि व्हिडिओ विकून थोडंफार भागवतात. पण मागची ती ओळ मी तीनदा वाचली. असला प्रश्न ज्याला पडतो त्याला काम मिळतं.

त्याला सांगा, वादळ जमिनीवरच्या वाऱ्यानं जात नाही. ढग दहा-बारा किलोमीटर उंच असतो, वरच्या थरांतला वारा त्याला ढकलत नेतो. अमेरिकेत वसंतात तो वारा बहुधा नैऋत्येकडून येतो, म्हणून वादळं ईशान्येला निघतात. खालचा वारा मात्र ढगाच्या पोटात ओढला जात असतो. म्हणजे तोंडावर वारा एकीकडून आणि वादळ दुसरीकडून. आपल्याकडंही गोव्याच्या बाजूचं वारं अंगावर येत असताना आभाळ उगवतीकडून भरून येतं, ते तुम्ही शेतात कैकदा बघितलं असेल. बंगालची कालबैशाखी, म्हणजे तिकडची उन्हाळ्यातली वादळं, वायव्येकडून येते. तेव्हा 'ईशान्येकडेच' हा सगळीकडचा नियम नाही. स्वतःभोवती फिरणारे मोठे ढग तर वरच्या वाऱ्याची वाट सोडून उजवीकडं वळतात.

३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोचा टॉर्नेडो आधी आग्नेयेकडं निघाला आणि मग ईशान्येला वळला. रुंदी सुमारे ४.२ किलोमीटर. त्यात टिम समारास हे मुरलेले अभ्यासक, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी असे तिघं गेले. हा किस्सा त्याला जरूर सांगा, पण भीती घालायला नको. दिशेचं गणित किती अवघड असतं ते कळायला सांगा. चेसर मंडळींचा एक साधा ठोकताळा आहे : समोरचा टॉर्नेडो डावी-उजवीकडं सरकत नसेल आणि नुसता मोठा होत असेल, तर तो तुमच्याकडंच येतोय.

(आपली वर्तमानपत्रं टॉर्नेडोलाही चक्रीवादळच म्हणतात. चक्रीवादळ समुद्रावरचं, शेकडो किलोमीटरचं. ही गोष्ट वेगळी.)

आता अभ्यास. पीयूसीत फिजिक्स आणि मॅथ्स सोडू नका, बीएस्सीतही हेच दोन विषय ठेवा. बेळगावात राहून ते होतं. इंग्रजीतून फिजिक्स पहिले सहा महिने जड जाईल, आपल्या बहुतेक पोरांना जातंच. पुढं पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाशशास्त्राची एमएस्सी आहे, कोचीनच्या कुसॅट विद्यापीठात हवामानशास्त्राची. तुमचं गाव सीमाभागातल्या ८६५ गावांत असेल तर महाराष्ट्रातल्या काही प्रवेशांत सवलत असते, दाखला आत्ताच काढून ठेवा.

हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंट हे पद स्टाफ सिलेक्शन कमिशन भरतं. मूळ पगार ३५,४०० पासून. फिजिक्ससह बीएस्सी फर्स्ट क्लास असली तरी अर्ज करता येतो. पण ही भरती दरवर्षी नसते : २०१७ ला झाली, मग थेट २०२२ ला, ९९० जागांची. त्यामुळं तिच्यावरच डोळा ठेवून बसू नका. हवाई दलातही हवामान शाखा आहे, ॲफकॅट या त्यांच्या प्रवेश परीक्षेतून जाता येतं.

त्याला लगेच करण्यासारखं एक काम देतो. शंभर पानी वही घ्या. मिरग लागेपर्यंत प्रत्येक वळवाला चार गोष्टी लिहायच्या : वेळ, ढग कुठून उठला, कुठं गेला, जमिनीवर वारं कुठून होतं. मग हवामान खात्याच्या साइटवर गोव्याच्या रडारचं चित्र उघडून ताळा करायचा. पणजी तुमच्यापासून सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पृथ्वी गोल आणि रडारचा किरण किंचित तिरपा, त्यामुळं तुमच्या गावावर येईतो तो समुद्रसपाटीपासून साधारण एक किलोमीटर उंचीवरून जातो. त्याच्या खाली जे घडतं ते रडारला दिसत नाही, पोराला दिसतं.

मात्र स्लॅबवरून नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तिनानं भागायचं, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की मोबाईल घेऊन घरात. वही खिडकीत बसून लिहायची. मिरगानंतर तिचे फोटो मला पाठवा, रडारशी कुठं जुळलं आणि कुठं नाही ते मला बघायचंय.