उंच ड्रायव्हरला जुन्या पिकअपमध्ये नीट बसवायचं तर आधी सीट उसवा

दादा, तुम्ही लिहिलंय की वडिलांची 1993 ची टाटा मोबाइल पिकअप इंजिन बांधून, रंग देऊन तुम्ही पुन्हा रस्त्यावर आणली आणि द्राक्षाच्या हंगामात क्रेट भरून दिंडोरीहून वाशीपर्यंत जाता. अडचण एकच, तुमची उंची 6 फूट 2 इंच. गुडघे स्टेअरिंगला लागतात, डोकं छताला घासतं आणि कसारा घाट उतरेपर्यंत कंबर धरते. गॅरेजवाला म्हणतो, सीट 3 इंच मागे घेऊन वेल्ड मारून देतो. करू का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू. तीन इंच तर नकोच, आणि वेल्ड अजिबात नको.

मी स्वतः 6 फूट 1 इंच आहे, माझीही मोबाइलच आहे आणि हेच काम मी एका गॅरेजमध्ये करून घेतलं होतं. गुडघे मोकळे झाले म्हणून मी खूश होतो. पहिल्याच खेपेला कसारा घाटात पुढचा ट्रक एकदम थांबला. ब्रेकवर पाय मारला तर पाय पार सरळ झाला, गुडघ्यात वाक उरलाच नाही, आणि जोर लावायला मला सीटवरून पुढे घसरावं लागलं. गाडी थांबली, पण पुढच्या ट्रकच्या फाळक्यापासून हातभर अंतर राहिलं होतं. कंबरही आधीपेक्षा जास्त दुखायला लागली. सीट मागे गेली तरी स्टेअरिंग जागच्या जागीच होतं, त्यामुळे वाशीपर्यंत मी पाठ सीटला न टेकता पुढे वाकून गाडी चालवली होती.

तेव्हापासून माझ्या आणि ओळखीच्यांच्या मिळून बऱ्याच गाड्यांची बैठक मी दुरुस्त केली आहे, आणि दर वेळी सुरुवात गाडीपासून न करता माणसापासून करतो. उंची दोन ठिकाणी असते, पायात किंवा धडात. माझा मुलगा माझ्यापेक्षा 3 इंचांनी बुटका आहे, पण माझ्या गाडीत त्याचं डोकं छताला लागतं आणि माझं लागत नाही. त्याचं धड लांब, माझे पाय लांब. दोघांना एकच इलाज लागू पडत नाही. तुम्हाला गुडघे आणि डोकं दोन्हीचा त्रास आहे, म्हणून बोल्टला पाना लावायच्या आधी घरात भिंतीला पाठ लावून एका कडक स्टुलावर ताठ बसा आणि घरच्यांकडून तीन मापं घ्या: स्टुलापासून टाळूपर्यंत, भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत. मग गाडीत रिकाम्या सीटवर हाताने दाबून, ती जिथे थांबते तिथून छतापर्यंतचं अंतर मोजा. टाळू आणि छत यांच्यात निदान चार बोटं मोकळी हवीत. त्याहून कमी असतील तर खड्ड्यात डोकं आपटणारच.

आता सीट. माझ्या मते तुमचा निम्मा त्रास इथेच आहे. तुमच्या फोटोत दिसतंय की कुणीतरी मधल्या काळात मूळ सीट काढून अख्खं बाकडं टाकलंय. त्याची उजवी कडा, म्हणजे दाराकडची, नीट बघा. ड्रायव्हर दिवसातून वीस वेळा त्याच कडेवरून चढतो-उतरतो, त्यामुळे तिथला फोम आधी मरतो. मी एक असंच बाकडं उसवलं होतं. वरचं रेक्झिन अगदी नवीन, ताणून बसवलेलं. आत हात घातला तर काथ्याचा भुसा झालेला, त्याखाली गोणपाट आणि दोन स्प्रिंगा तुटून आडव्या पडलेल्या. पट्टी ठेवून मोजलं, तर दाराकडची बाजू आतल्या बाजूपेक्षा चार बोटं खाली होती. अशा सीटवर कंबरेचं हाड तिरकं बसतं आणि माणूस नकळत डावीकडे पीळ देऊन स्वतःला सरळ धरून ठेवतो. चार तास तसं बसल्यावर कंबर धरणारच. बुटक्या माणसालाही धरेल, फक्त उंच माणसाला लवकर कळते.

खचलेल्या सीटचा आणखी एक घोटाळा म्हणजे बूड खाली जातं आणि गुडघे वर येतात. ते स्टेअरिंगला लागले की आपल्याला वाटतं जागा कमी आहे. खरं तर मांडी सीटवरून उचलली गेलेली असते आणि सगळं वजन बुडावर आलेलं असतं. मांडीखालून हात घालून बघा. तळवा सहज आरपार गेला तर मांडीला आधार नाही.

म्हणून आधी बाकडं पूर्ण उसवायचं. लोखंडी चौकट सरळ करून स्प्रिंगा किंवा पट्टे बदलायचे. त्यावर खाली एक इंच रिबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला, कडक) फोम आणि वर दोन इंच 40 डेन्सिटीचा. कुशनवाला ‘साहेब, मऊ देतो, मजा येईल’ म्हणेल, त्याचं ऐकू नका. मऊ फोम दुकानात पाच मिनिटं बरा वाटतो, इगतपुरी यायच्या आत तळाला टेकतो. पुढची कड मागच्यापेक्षा इंच-दीड इंच उंच ठेवायला सांगा, म्हणजे मांडी टेकते. पण गादीची लांबी बघा. गुडघ्याची मागची लवण आणि गादीची कड यांच्यात दोन-तीन बोटांची जागा राहायला हवी, नाहीतर क्लच दाबताना कड पायात रुतेल.

टाळूपाशी चार बोटं मिळत नसतील तर मागच्या बाजूचा रिबॉन्डेड थर अर्धा करा. बूड अर्धा इंच खाली येतं, पुढची कड तशीच राहते. छताचं अस्तरही बघा. जुन्या गाड्यांत लोकांनी हौसेने त्याखाली फोम भरलेला असतो. तो काढून पातळ अस्तर लावलं तर पाऊण इंच सहज सुटतो.

पाठीची गोष्ट बहुतेक जण विसरतात. सिंगल केबिनमध्ये पाठ आणि मागचा पत्रा यांच्यात जॅक, टॉमी, पाने, एखादं जुनं पोतं असं काहीबाही कोंबलेलं असतं, त्यामुळे पाठ पुढे ढकललेली असते. ते सगळं डाव्या सीटखाली हलवा. पाठीची गादी चार इंच जाड असेल तर अडीच इंचाची करा. सीटचा एकही बोल्ट न हलवता तुम्हाला दीड इंच मागे सरकायला मिळतं. माझ्या गाडीत मला एवढंच पुरलं. पाठ मात्र फार रेलती ठेवू नका. सीटपासून 100 ते 110 अंशांच्या दरम्यान ठीक, त्यापुढे मान पुढे काढून बघावं लागतं.

इतकं करून पुन्हा बसा. खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात पुढे करा. मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. क्लच पूर्ण दाबा, गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. या दोन्ही गोष्टी जमत असतील आणि तरीही गुडघा लागत असेल, तरच सीट मागे घ्या, आणि तीही इंच-दीड इंचच.

ती वेल्ड करून नाही. तीस वर्षांच्या गाडीचा तळपत्रा पातळ झालेला असतो, वेल्डिंगने त्याला भोकं पडतात आणि जोड तिथूनच गंजतो. माझ्या त्या पहिल्या कामात दुसऱ्या पावसाळ्यात पत्रा चिरला होता, सीट हलायला लागल्यावर समजलं. रनरखाली, म्हणजे सीट ज्या रुळांवर बसते त्यांच्याखाली, 6 मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्या, तिला जुन्या भोकांतून पत्र्याला बांधा आणि रनर त्या पट्टीवर मागे सरकवून बसवा. बोल्ट 10 मिलिमीटरचे, डोक्यावर 8.8 ही मजबुतीची खूण कोरलेले. पत्र्याच्या खालून साधा वायसर नको, तळहाताएवढी लोखंडी चकती लावा, म्हणजे धक्क्यात बोल्ट पत्रा फाडून वर येणार नाही. नवीन भोक पाडायची वेळ आलीच तर आधी गाडीखाली झोपून ब्रेकचा पाइप आणि वायरिंग कुठून जातंय ते डोळ्यांनी बघा. सीट मागे गेल्यावर बेल्ट खांद्यावरून नीट येतो की गळ्याला घासतो, हेही तपासा.

दुसऱ्या गाडीची सीट टाकावी का, हेही तुम्ही विचारलंय. मोबाइल 1988 ला आली आणि तिच्यातूनच पुढे टाटाच्याच 1991 ची सिएरा आणि 1992 ची इस्टेट या गाड्या निघाल्या, त्यामुळे त्या घराण्यातली चांगली सीट भंगारात मिळाली तर घ्यायला हरकत नाही. रनरच्या बोल्टांचं अंतर मात्र आधी मोजा. स्कॉर्पिओ 2002 पासून आपल्या नाशकातच बनते, म्हणून तिची सीट इथे सहज मिळते आणि लोक ती हौसेने टाकतात. मी बसवून पाहिली. बैठक सुरेख होती, पण माझं डोकं छताला टेकलं. दुसऱ्या दिवशी काढली.

स्टेअरिंग लहान करायचा मोह होईल. तुमच्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही हे लक्षात ठेवा. 40 सेंटीमीटरचं काढून 36 चं टाकलं तर त्याच वळणाला सुमारे 11 टक्के जास्त जोर लागतो. रिकाम्या गाडीत ते जाणवत नाही. बागेतल्या ओल्या मातीत भरली गाडी उलटी वळवताना मात्र खांदे भरून येतात. 38 च्या खाली जाऊ नका. खालून सपाट असलेलं स्टेअरिंगही घेऊ नका. ते सरळ असतानाच मांडीला जागा देतं, वळणावर गोल भाग खाली येतो आणि नेमका तेव्हाच गुडघ्याला अडतो.

उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला काळानिळा डाग पडतो का? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक उंच माणसांना असतो, आणि ते दोष स्टेअरिंगला देतात. तो काच खालीवर करायच्या हँडलचा प्रताप असतो. हँडल दातेरी दांड्यावर एका छोट्या क्लिपने अडकवलेलं असतं. हँडलच्या मागे सुती कापडाची पट्टी घालून दोन्ही हातांनी डावी-उजवी ओढा, क्लिप निघून येते. ती उडून हरवते, म्हणून खाली पंचा अंथरा. मग काच पूर्ण वर असताना हँडल पुढे आणि वर राहील असं फिरवून परत बसवा. काम दहा मिनिटांचं, खर्च शून्य. आजच करून टाका, बाकीचं सावकाश होऊ द्या.

आरसाही वर सरकवा. तुमच्या डोळ्यांच्या उंचीला आतला आरसा डावीकडचा रस्ता झाकतो आणि नाशकात सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडच्या, सिग्नलवर दिवा बघायला मान खाली घालावी लागते, ती काचेच्या वरच्या कडेमुळे. आरशाचा दांडा थोडा आखूड केला, सन व्हायझर पातळ केला आणि थांबताना रेषेच्या पाच-सहा फूट मागे थांबलात तर ते सुटतं.

कायद्याचं म्हणाल तर केबिन कापणं, छत उचलणं, लांबी वाढवणं यांच्या वाटेला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये ते अडकतं. गाडी मालवाहू आहे, दरवर्षी पासिंगला पेठ रोडला न्यावीच लागते. आरसीवर जितक्या सीट लिहिल्यात तितक्याच ठेवा आणि जुने भाग फेकू नका.

घरी स्टुलावर घेतलेली ती तीन मापं आणि सीट दाबून छतापर्यंतचं अंतर मला इथेच लिहून कळवा. बाकडं उसवलं की आतला एक फोटोही टाका. फोमचे थर किती जाडीचे घ्यायचे आणि रनरखाली पट्टी लागेल की नाही, ते त्यावरून सांगतो.