स्क्रीनवर ११९.५०, हातात ११७.५८

प्रश्न : एका छोट्या कंपनीचे १,००० शेअर्स विकले. मोबाईलवर भाव ११९.५० दिसत होता म्हणून सरळ मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विका अशी) टाकली, तर सरासरी भाव मिळाला ११७.५८. ब्रोकरला विचारलं तर म्हणे सगळं नियमाप्रमाणेच आहे. त्या वेळच्या डेप्थचा, म्हणजे कोणत्या भावाला किती शेअर्सच्या ऑर्डर्स उभ्या होत्या त्या यादीचा, स्क्रीनशॉट पाठवतोय. जवळजवळ दोन हजार रुपये गेले कुठे?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : स्क्रीनशॉट पाठवलात ते बरं केलंत, नाहीतर अशा पत्रांना "बाजारात असंच असतं" यापलीकडे काही सांगता येत नाही. ब्रोकरने गडबड केलेली नाहीये. ११९.५० हा एलटीपी होता, म्हणजे शेवटचा झालेला सौदा, त्या भावाला आत्ता कोणी घ्यायला उभं आहे असं त्यातून अजिबात कळत नाही. पातळ, म्हणजे कमी सौदे होणाऱ्या, शेअरमध्ये तो सौदा अर्ध्या तासापूर्वीचा आणि पाचच शेअर्सचा पण असू शकतो.

आता तुमच्याच स्क्रीनशॉटवरचे आकडे घेऊ. वरची बिड (घेणाऱ्याने लावलेला भाव) ११८.४० ला १५० शेअर्स, खाली ११८.१० ला २००, मग ११७.५० ला ४००, आणि ११६.८० ला २५०. तुमच्या हजार शेअर्सनी या चारही पायऱ्या एका झटक्यात साफ केल्या, एकूण आले १,१७,५८०. समोर आस्क (विकणाऱ्याने मागितलेला भाव) होती ११९.६०, म्हणजे बिड आणि आस्कच्या मधला भाव ११९, आणि तुलना करायची ती याच्याशी, एलटीपीशी नाही. हजार शेअर्सचे ११९ प्रमाणे १,१९,००० झाले असते, आले १,४२० कमी. हे झाले १.१९ टक्के, यालाच इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात आणि कॉन्ट्रॅक्ट नोटवर (ब्रोकरकडून येणाऱ्या सौद्याच्या हिशोबावर) ती कुठेही छापून येत नाही.

अजून थोडं फोडून बघा. ११९ वरून पहिल्या बिडपर्यंत, ११८.४० पर्यंत, शेअरमागे ६० पैसे, म्हणजे ६०० रुपये गेले ते स्प्रेडमुळे (बिड आणि आस्कमधल्या अंतरामुळे), एवढे तर शंभर शेअर्स विकले असते तरी त्याच प्रमाणात गेले असते. उरलेले ८२० गेले ते डेप्थ नसल्यामुळे, म्हणजे तुमच्या ऑर्डरच्या साइजमुळे. याच्यासमोर जी खर्चाची यादी आपण दहा ब्रोकर्सच्या साइटवर घासूनपुसून बघतो ती ठेवा: एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ०.१ टक्का म्हणजे साधारण ११८ रुपये, एक्स्चेंजचा चार्ज तीन-चार रुपये, वर डीपी चार्ज (डिमॅटमधून शेअर्स बाहेर काढायचा) आणि किरकोळ जीएसटी. ब्रोकरेज ज्याची त्याची वेगळी, पण आजकाल डिलिव्हरीवर बऱ्याच ठिकाणी शून्यच असते. वीस रुपये ब्रोकरेज वाचवायला लोक खातं बदलतात आणि १,४२० रुपये ऑर्डर बुकात सोडून येतात, मला तरी याचं नेहमी नवल वाटतं.

तुलनेसाठी सांगतो, निफ्टी ५० मध्ये यायचं असेल तर शेअरची सरासरी इम्पॅक्ट कॉस्ट मागच्या सहा महिन्यांत ९० टक्के निरीक्षणांमध्ये ०.५० टक्के किंवा त्याहून कमी असावी लागते, आणि ती मोजतात १० कोटींच्या पोर्टफोलिओवर. तुमच्या शेअरला सव्वा लाखाच्या आतच १.१९ लागली.

पण मोठ्या शेअर्समध्ये मार्केट ऑर्डर म्हणजे एकदम सेफ असंही समजू नका. ५ ऑक्टोबर २०१२ ला एनएसईवर एका ब्रोकरकडून ६५० कोटींच्या वरच्या चुकीच्या ऑर्डर्स गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांच्या आसपास खाली जाऊन ट्रेडिंग थांबलं. कंपन्यांबद्दल वाईट बातमी एकही नव्हती, समोरच्या बिड्स संपत गेल्या आणि भाव खाली घसरत गेला एवढंच.

प्रश्न : मी शेअर घेताना रोजचं व्हॉल्यूम बघतो, दोन लाखांच्या वर असेल तर लिक्विड (पाहिजे तेव्हा सहज विकता येईल असा) समजतो. हे बरोबर आहे का? की घरबसल्या करता येईल असं दुसरं काही माप आहे?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : शेअर्सची संख्या बघून काही कळत नाही हो. ४ रुपयांच्या शेअरचं दोन लाख व्हॉल्यूम म्हणजे ८ लाखांची उलाढाल, आणि २,००० रुपयांच्या शेअरचं तेवढंच व्हॉल्यूम म्हणजे ४० कोटी. त्यामुळे टर्नओव्हर बघा, आणि तोसुद्धा सरासरी न घेता मधला दिवस घ्या (दिवस उलाढालीच्या चढत्या क्रमाने लावून), कारण एखाद्या दिवशी कोणीतरी मोठा माल इकडचा तिकडे करतो आणि महिन्याची सरासरी फुगून बसते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे वित्त विषयाचे अभ्यासक याकोव्ह अमिहुद यांनी २००२ मध्ये मांडलेलं माप, साधं आहे आणि एक्सेलमध्ये होतं. रोज भाव किती टक्के हलला ते घ्यायचं, वर की खाली ते सोडून द्यायचं, त्याला त्या दिवशीच्या टर्नओव्हरने भागायचं, आणि दोन-तीन महिन्यांची सरासरी काढायची. डेटा एक्स्चेंजच्या भावकॉपीत (रोजच्या भावांच्या फाइलमध्ये) फुकट मिळतो. समजा एक शेअर रोज साधारण २ टक्के हलतो आणि टर्नओव्हर ५० लाख, तर झाले कोटीमागे ४ टक्के. दुसरा १ टक्का हलतो आणि टर्नओव्हर ५०० कोटी, तर कोटीमागे ०.००२. दोघांत दोन हजार पटींचा फरक, आणि चार्टवर दोन्ही सारखेच गुळगुळीत दिसतील.

फक्त हा आकडा म्हणजे तुम्हाला लागणारा खर्च असं समजू नका, दोन शेअर्सची तुलना करायला तो चांगला आहे. रिझल्टच्या दिवशी बातमीनेच भाव हलतो, लिक्विडिटीचा तिथे संबंध नसतो. आणि सर्किटला (एक्स्चेंजने घातलेल्या दिवसाच्या चढउताराच्या मर्यादेला) अडकलेले दिवस बाजूलाच काढा, लोअर सर्किटला विकणारे हजारो आणि घेणारा कोणी नाही, तरी भाव सर्किटच्या पुढे जाऊच शकत नाही म्हणून गणितात तो दिवस आहे त्यापेक्षा बरा दिसतो. तिथे खर्च किती हा प्रश्नच राहत नाही, विकताच येत नाही.

प्रश्न : मोठी ऑर्डर तुकड्यातुकड्यांनी टाकली तर इम्पॅक्ट टळतो ना? मग सगळे तसंच का करत नाहीत?
– एक वाचक, पणजी

उत्तर : करतातच. म्युच्युअल फंड आणि परदेशी संस्था तर दिवसेंदिवस तेच करतात. पण टळतो असं नाही म्हणता येणार, कमी होतो, आणि त्याच्या बदल्यात दुसरी जोखीम अंगावर येते. तुम्ही सकाळी २०० विकले, दुपारी २०० विकायचे ठरवले, आणि मधेच भाव ३ टक्के पडला, तर तो पण खर्चच ना? याच विषयाचे अभ्यासक आंद्रे पेरोल्ड यांनी १९८८ मध्ये यासाठीच हिशोबाची एक पद्धत सांगितली: विकायचं ठरवलं त्या क्षणाचा भाव लिहून ठेवा आणि शेवटी हातात काय आलं त्याच्याशी ताडून बघा, त्यात इम्पॅक्ट, उशीर, चार्जेस आणि न विकला गेलेला माल सगळंच येतं. लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाच्या खाली विकू नका अशी) लावून "मी स्प्रेड वाचवला" म्हणणाऱ्यांनी तर हा हिशोब जरूर करावा, कारण भाव सोडून गेला तर ती ऑर्डर तशीच लटकत राहते.

संस्थांच्या मोठ्या ऑर्डर्समध्ये वेगवेगळ्या देशांच्या बाजारात असं दिसलंय की इम्पॅक्ट साइजच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ऑर्डर चौपट केली तर टक्क्यांमधला खर्च दुप्पट, आणि रुपयांत धरला तर आठपट. आपल्यासारख्यांनी एवढं पाळलं तरी पुरे: दिवसाच्या नेहमीच्या व्हॉल्यूमच्या दहा टक्क्यांच्या आत राहा, सव्वानऊनंतरची पहिली काही मिनिटं सोडा कारण तेव्हा स्प्रेड रुंद असतो, आणि लिमिट लावाच.

प्रश्न : माझ्या स्मॉलकॅप फंडाच्या साइटवर "५० टक्के पोर्टफोलिओ विकायला इतके दिवस" असा आकडा येतो. तो किती खरा मानायचा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मार्च २०२४ पासून स्मॉलकॅप आणि मिडकॅप फंडांना हा आकडा जाहीर करावा लागतो. तो बरा आहे पण त्याच्यामागची गृहीतकं बघा: सगळ्यात कमी लिक्विड असलेला २० टक्के भाग आधीच बाजूला काढलेला असतो, व्हॉल्यूम नेहमीच्या तिप्पट धरतात आणि त्यातला दहा टक्के वाटा फंडाला मिळेल असं मानतात. शिवाय दिवस किती लागतील तेवढंच सांगतात, भाव किती पडेल ते नाही. आणि बाजार घसरला की सगळेच फंड एकाच दारातून बाहेर पडायला बघतात, हे त्या आकड्यात येत नाही. दोन फंडांची तुलना करायला मात्र वापरा.

प्रश्न : एनएसईवर विकावं की बीएसईवर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्हीकडची डेप्थ उघडून बघा आणि जिथे तुमच्या क्वांटिटीला बरा सरासरी भाव मिळेल तिथे विका. बहुतेक वेळा ते एनएसईच निघतं. डिमॅटमध्ये आलेले शेअर्स कुठून घेतले होते याने काही फरक पडत नाही. काही जुन्या छोट्या कंपन्या फक्त बीएसईवरच आहेत, तिथे घेण्याआधीच बिडच्या बाजूला किती माल आहे ते बघून घ्या.