‘तठे तिनं कोन शे?’

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियात स्टॉकटनला असतो. सून तिथंच जन्मलेली. तिचे पणजोबा फिलिपिन्समधल्या इलोकोस भागातून हवाईला उसाच्या मळ्यांत मजुरीला गेले, मग कॅलिफोर्नियात ॲस्परॅगसच्या शेतांवर आले. पणजी मेक्सिकन. सुनेला त्यांची भाषा येत नाही, गावाचं नावही धड ठाऊक नाही. यंदा दिवाळीला दोघं नातवाला घेऊन येणार होते. आता त्याच सुट्टीतला आठवडा काढून ते तिचं मूळ गाव शोधायला जाणार म्हणतात. आमचे हे म्हणतात, ‘तठे तिनं कोन शे?’ मलाही हे फॅडच वाटतं, पण बोलायचा धीर होत नाही. तिला तिकडचं नागरिकत्व मिळेल का? नातू आमचा राहील का? आणि सोबत काय द्यावं?
— एक सासूबाई, अमळनेर

उत्तर : ताई, बोलला नाहीत ते बरं केलंत. मी शिरपूरचा, पण उमर गेली जहाजांच्या इंजिनरूममध्ये. फिलिपिनो माणूस नाही असं एकही जहाज माझ्या वाट्याला आलं नाही. भाऊंना सांगा, तिथं तिचं कोण आहे हेच बघायला पोरगी निघालीय.

२० डिसेंबर १९०६ ला ‘डोरिक’ बोटीतून १५ फिलिपिनो मजूर होनोलुलूला उतरले. पुढच्या ४० वर्षांत लाखाच्या वर माणसं गेली, त्यात इलोकोसचे इलोकानो फार. मळेवाल्यांना एकटे, तरणे गडी हवे होते. बायका थोड्याच गेल्या. त्यातले कॅलिफोर्नियात आले, तर गोऱ्या बाईशी लग्न करायला तिथं १९३३ च्या कायद्यानं बंदी. १९३४ साली अमेरिकेनं फिलिपिन्सला स्वातंत्र्य द्यायचं कबूल केलं आणि त्याच कायद्यात तिकडून येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला ५० माणसांवर आणली. म्हणजे गावाकडून बायको आणायची वाट बंद आणि कॅलिफोर्नियातलीही बंद. तुमच्या सुनेच्या पणजोबांना मेक्सिकन बायको मिळाली, नशीबवान म्हणायचे. कित्येक जण भाड्याच्या खोल्यांत एकटेच म्हातारे झाले. स्टॉकटनची त्यांची ‘लिटल मनिला’ वस्ती तर महामार्गासाठी पाडली. पोरांना शाळेत उच्चारावरून हिणवतील म्हणून पुष्कळ घरांत भाषाही मुद्दाम शिकवली नाही. एवढं झाल्यावर चौथ्या पिढीत कुणी गाव कुठलं म्हणून विचारलं, तर ते फॅड कसं?

शोध मात्र अमेरिकेतच सुरू करायला सांगा. पणजोबांनी सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेचा, नंबर काढला असेल तर त्या अर्जावर जन्मगाव आणि आईबापांची नावं असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या सैन्यभरतीच्या नोंदणी कार्डावरही जन्मठिकाण असतं. हवाईच्या साखरमळ्यांचे जुने कागद हवाई विद्यापीठात ठेवलेत. गाव कळलं की मग चर्चची बाप्तिस्म्याची वही. तीत आईबाप आणि कधीकधी आजी-आजोबाही सापडतात. यातली बरीच पानं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. स्पॅनिशमध्ये, आणि अक्षर असं की मोडी वाचणाऱ्यालाही घाम फुटावा.

आडनावावर विसंबू नये. १८४९ साली क्लावेरिया नावाच्या स्पॅनिश गव्हर्नरनं आडनावांची छापील यादीच काढली आणि गावोगाव वाटून टाकली. काही गावांत सगळी आडनावं एकाच अक्षरानं सुरू होतात ती त्यामुळं. आडनाव एक म्हणजे भाऊबंद, हा आपला हिशेब तिथं चालत नाही.

जायचं तर १ नोव्हेंबर धरून जावं, तो तिकडं पितरांचा दिवस. माझ्या एका बोसनच्या (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या) गावी, इलोकोसमधल्या लावागजवळ, मी त्या दिवशी होतो. अख्खं गाव कब्रस्तानात! कबरींना ताजा रंग, मेणबत्त्या, जेवणाचे डबे, पत्ते कुटणारे म्हातारे, आणि ओघळलेलं मेण खरवडून त्याचे गोळे वळणारी पोरं. बोसनच्या आईनं नवऱ्याच्या कबरीवर बशी मांडली: चिकट भाताचा गोड तुकडा, उकडलेलं अंडं, पान-सुपारी, एक सिगारेट आणि पेल्यात ‘बासी’ म्हणजे उसाची दारू. याला ते ‘आतांग’ म्हणतात. मी विचारलं, सिगारेट कशाला? म्हातारी म्हणाली, ‘ओढायचा की तो!’ आपण आखाजीला पितरांची घागर भरतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त घागरीवर बिडी ठेवायचं आपल्याकडं कुणाला सुचलं नाही. सांगायचं कारण, परगावी पांगलेले नातेवाईक त्या दिवशी कबरींपाशी बसलेले सापडतात. दारोदार विचारत फिरण्यापेक्षा हे सोपं. दिवाळी ऑक्टोबरातच आटोपते त्या वर्षी दोन्ही साधेल; नाहीतर तुमची दिवाळी मारली जाते, हे मला मान्य आहे.

एक खटकतं ते सांगतो. हल्ली अमेरिकेतली काही फिलिपिनो पोरं ‘बायबायिन’ ही फिलिपिन्सची जुनी लिपी दंडावर गोंदवून गावी येतात. गावातल्या म्हातारीला ती वाचता येत नाही, तिला रोमन येते. सुनेला म्हणावं, गोंदण नंतर बघू, आधी इलोकानोतली चार वाक्यं पाठ कर, आणि वडीलधारं माणूस दिसलं की वाकून त्यांचा हात आपल्या कपाळाला लाव. तेवढ्यानं जे होतं ते गोंदणानं होत नाही. पैसे मागितले जातील, राग मानू नये. अमेरिकेहून आलेला माणूस म्हणजे बँक, हे आपल्या गावांतही आहेच. किती द्यायचे ते नवराबायकोनं विमानातच ठरवावं. जेवायला पिनाकबेत मिळेल, वांगी-कारली-भेंडी, खारवलेल्या माशांच्या चटणीत. शेवग्याचा पाला रोजचाच. वास सोसला तर तुमचा मुलगा उपाशी राहत नाही.

नागरिकत्वाचं विसरा. २००३ चा त्यांचा कायदा जन्मानं फिलिपिनो असून पुढं दुसऱ्या देशाचे झालेल्यांसाठी आणि त्यांच्या १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. पणतीला त्याचा उपयोग नाही. अमेरिकन पासपोर्टवर तिला ३० दिवस व्हिसा लागत नाही, तेवढं पुष्कळ. मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्यानं वकिलातीचे ताजे नियम बघून घ्यावेत.

नातवाचं म्हणाल, तर व्हिडिओ कॉलवर ते ‘हाय बेबी’ बंद करा. अहिराणीत ‘जेवना का?’ विचारा. तो इंग्रजीत उत्तर देईल, तरी तुम्ही अहिराणी सोडू नका. सुनेच्या घरी ह्याच्या उलट झालं असावं, आणि ते का ते वर आलंच आहे.

सोबत द्यायचं तर जळगावचे केळ्याचे वेफर्स नकोत, केळ्यात ते लोक आपल्याला हार जाणारे नाहीत. लोणचं बॅगेत फुटतं. उडदाचे पापड द्या, लहान घ्या म्हणजे तुटणार नाहीत, आणि कसे भाजायचे ते मुलाला आधी शिकवून पाठवा.