बंदराचे जुने छापचित्र: पारखायचे कसे, जपायचे कसे?

प्रश्न : जुन्या बाजारात काचेच्या चौकटीतले एक रंगीत चित्र मिळाले. शांत बंदर, शिडे गुंडाळलेल्या नावा. चित्राखाली डावीकडे डब्ल्यू. एच. बार्टलेट हे नाव, उजवीकडे दुसरेच. हे मूळ असेल का? कागदावर तपकिरी ठिपके पडलेत, ते उन्हात ठेवून जातील का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : डावीकडचे नाव चित्रकाराचे, उजवीकडचे कोरणाऱ्याचे. बार्टलेट (१८०९–१८५४) प्रवासात रेखाटने करी. लंडनमध्ये ती पोलादी पत्र्यावर कोरली जात आणि जॉर्ज व्हर्च्यू हा प्रकाशक ती पुस्तकांतून विके. म्हणजे 'मूळ' याचा अर्थ त्या पत्र्यावरून काढलेला छाप, एवढाच. तांब्याचा पत्रा लवकर झिजे. पोलादी पत्र्यावरून हजारो प्रती निघत. त्यामुळे फार मोठ्या किमतीची आशा धरू नका.

पारख करायला कापडाचे धागे मोजायचे घडीचे भिंग पुरेसे आहे. यंत्रमागवाल्यांकडे सहज मिळेल. मूळ छापात आकाशसुद्धा अखंड, बारीक, समांतर रेघांनी भरलेले दिसते. रेघांच्या जागी रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती ऑफसेट छपाईयंत्रावरची आधुनिक नक्कल. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला, तर तो बहुधा १९५० नंतरचा. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर दिसला नाही, तरी लगेच खोटे ठरवू नका. पुस्तकातून पान काढताना कडा बऱ्याचदा कापल्या जातात. रंग बहुधा मागाहून हाताने भरलेले असतात.

ऊन अजिबात नको. ठिपके बुरशीचे किंवा कागदातल्या लोहकणांचे असतात. उन्हाने ते जात नाहीत, उलट रंग उडतात आणि कागद ठिसूळ होतो. ब्लीचचे तर नावही काढू नका. पाणीही नको, जलरंग ओघळतील. चित्र चौकटीतून काढा आणि मऊ कोरड्या ब्रशने मधून कडेकडे धूळ झाडा. मागे प्लायवूड किंवा हार्डबोर्ड असेल, तर तो काढून टाका. त्यातल्या आम्लाने कागद करपतो. कडेने दिसणारी तपकिरी रेघ अशाच आम्ल असलेल्या स्वस्त माउंटची, म्हणजे काच आणि चित्र यांमधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीची.

नवा माउंट आम्लरहित आणि किमान २ मिमी जाड घ्या, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. टेकली की दमट हवेत कागद काचेलाच चिकटतो. सेलोटेप आणि फेव्हिकॉल वर्ज्य. जपानी कागदाच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावा. चारही बाजू चिकटवल्या तर कागदाला फुगायला-आकसायला जागा उरत नाही आणि लाटा येतात. खळीसाठी १ भाग स्टार्चला ५ भाग पाणी घ्या, मंद आचेवर अर्धा तास ढवळत शिजवा आणि गाळून घ्या. कुरडयांचा आंबवलेला चीक चालणार नाही.

सोलापुरात खरा धोका कूलरचा. मे महिन्यात बाहेर कोरडी हवा आणि खोलीत ओल, अशा रोजच्या चढउतारात कागद वाकतो. चित्र कूलरच्या झोताबाहेर, आतल्या कोरड्या भिंतीवर लावा. चौकटीमागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले, तर हवा खेळती राहील.