वाचकांचे प्रश्न: पोरगं प्रार्थनेला बसतच नाही

प्रश्न: ताई, सलाम. मी सांगलीत राहते, मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत, इंग्लिश मीडियमला. घरी रोज रात्री जेवायच्या आधी कौटुंबिक प्रार्थना असते पण हा डोळे मिटून दोन मिनिटंसुद्धा बसत नाही, मध्येच उठून पळतो, नाहीतर टेबलाखाली शिरून बसतो. संडे स्कूलला जायचं म्हटलं की पोटात दुखतं. सोनेरी वचन, म्हणजे बायबलमधली पाठ करायची ओळ, करून घ्यायला बसवलं की "बोअर होतंय" म्हणतो. वर प्रश्न विचारतो, येशू दिसत नाही तर तू बोलतेस कुणाशी. आणि गणपतीत कॉलनीच्या मंडळात मात्र रोज हजर, आरती तोंडपाठ झाली, घरी येऊन ताट वाजवत म्हणत होता आणि त्यावरून मी त्याला मारलं. सासूबाई म्हणतात आईनं लक्ष दिलं नाही की असंच होतं. मला खूप गिल्टी वाटतंय, मारल्याचंही आणि बाकीचंही. तुम्ही तुमच्या मुलाला कसं शिकवलं ते सांगाल का?
– एक आई, सांगली

उत्तर: सलाम गं. तुला अगं-तुगं करते, चालेल ना, माझ्या भाचीच्या वयाची असशील. पहिली गोष्ट, मारलंस त्याबद्दल पोराला सॉरी म्हण, अजून म्हटलं नसशील तर आजच म्हण, देवाला म्हणून झालं असेल तरी त्याला वेगळं म्हणायला लागतं. मीपण म्हटलेलं आहे, कशाबद्दल ते पुढं सांगते.

मी कसं शिकवलं असं विचारतेस, तर खरं सांगू का, मी जे शिकवलं त्यातलं निम्मं माझ्या पोरानं घेतलंच नाही आणि जे घेतलं ते मी शिकवलेलंच नव्हतं. आम्ही आता साताऱ्यात असतो पण तो लहान असताना सांगलीतच होतो, माझ्या सासूबाई मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होत्या, मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ साली सुरू केलेला तोच दवाखाना, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांची हात धुवायची सवय काही गेली नव्हती. प्रार्थनेला बसायच्या आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुणार, बोटांच्या मधून, नखांच्या कडेनं, मग हात वर धरून पाणी निथळू देणार. माझं पोरगं चार-साडेचार वर्षांचं, ते रोज बघायचं. एक दिवस बघते तर हा बाहेर आला तो दोन्ही हात वर, शर्ट कोपरापर्यंत भिजलेला, फरशीवर सगळं पाणी, आणि म्हणतो कसा, "आता देवाला ऐकू जाईल." मी चिडले, फरशी कोण पुसणार म्हणून. सासूबाई हसल्या नाहीत हां, त्यांनी त्याला टॉवेल दिला आणि शेजारी बसवून घेतलं. पुढं कितीतरी दिवस कोपर धुतल्याशिवाय तो आमेन म्हणत नव्हता. मी दोन महिने प्रभूची प्रार्थना, येशूनं शिकवलेली ती, घोकून घेत होते ती नीट येत नव्हती, पण हे कुणी न सांगता आलं. म्हणून म्हणते, तो टेबलाखाली बसतो ना, बसू दे, तिथूनही तुमचे आवाज ऐकू येतात आणि तुमचे पाय दिसतात, कोण पाय हलवतंय आणि कोण मोबाईल बघतंय हे टेबलाखालूनच बरोबर कळतं.

आता वचनांचं. बायबलमधलं स्तोत्र २३ आपण सगळेच पाठ करून घेतो, मीपण घेतलं, पठ्ठ्या म्हणायचा "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही ऊन पडणार नाही." उणे नाही, ऊन! मी दहा वेळा दुरुस्त केलं, उणे म्हणजे कमी, मायनस असतं ना तसं, तर म्हणाला मेंढपाळाकडं घोंगडं असतं मग ऊन कसं पडेल. आणि सांगलीचा मे महिना, त्यामुळं त्याला ते अगदी पटलेलं. मला तेव्हा हसायला हवं होतं, पण मला संडे स्कूलच्या बक्षिसाचं पडलेलं. वार्षिक कार्यक्रमात त्याला पुढं उभं केलं, बाकीची पोरं चार-चार ओळी म्हणतायत, हा भांबावला आणि बायबलमधलं सगळ्यात छोटं वचन म्हणून मोकळा झाला, "येशू रडला." सगळी मंडळी हसली. संडे स्कूल घेणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं, अभ्यास न केलेलं पोर हेच वचन म्हणतं. पण मला एवढी लाज वाटली की चर्चच्या पायरीवर मी त्याला दंडाला चिमटा काढला, असा तसा नाही, दुसऱ्या दिवशी निळं होतं. त्याबद्दलच सॉरी म्हणाले मी त्याला, पण दोन दिवस उशिरा.

हा तिसरीत असताना सासूबाई गेल्या. घरात माणसं, चर्चचे पाळकसाहेब आलेले, भजनं चाललेली आणि आमचे हे मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून उभे, रडायचं नाही असं ठरवून, आपल्याकडं पुरुषांचं असतंच ना तसं. पोरगं तिथं गेलं आणि त्यांच्या पँटला धरून म्हणालं, "पप्पा, येशूपण रडला होता." येशूचा मित्र लाजर मेला तेव्हाचं ते वचन, योहान ११, मी कधी समजावून सांगितलं नव्हतं की ते कशाबद्दल आहे, संडे स्कूलच्या बाईंनी कधीतरी गोष्ट सांगितली असेल. हे खाली बसले आणि त्याला धरून जे रडले. दारात मी उभी होते आणि मला आठवत होता तो चिमटा.

येशू दिसत नाही मग बोलतेस कुणाशी, या प्रश्नाला माझ्याकडं रेडीमेड उत्तर नाही. मी पाळकांची मुलगी, तरी नाही. २००५ च्या पुरात आमच्या पोराने याच्यापेक्षा अवघड विचारलं होतं. त्याच जूनमध्ये संडे स्कूलमध्ये महापुरातल्या नोहाची गोष्ट झालेली, त्याचं तारू म्हणजे जहाज रंगवलेलं, इंद्रधनुष्य रंगवलेलं, आणि दीड-दोन महिन्यांत कृष्णेचं पाणी गल्लीत. आम्ही वरच्या बाजूला राहायला होतो म्हणून वाचलो. तर हा म्हणतो, देवाने प्रॉमिस केलं होतं ना परत पूर आणणार नाही म्हणून. मी सुरुवात केली की तसं नाही, सगळ्या पृथ्वीचा नाश करणार नाही असं म्हटलं होतं, वगैरे वगैरे, आणि त्याचं तोंड बघून माझं मलाच कळलं की हे वकिली उत्तर झालं. मग म्हटलं मला माहीत नाही रे बाळा. शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, गल्लीतल्या आम्ही सगळ्या जणी, आमच्यातल्या, शेजारच्या भाभी, समोरच्या वहिनी, शाळूच्या भाकऱ्या थापत होतो, हा टोपल्यात मोजून ठेवायला. शंभराच्या पुढं त्याला मोजता येईना म्हणून परत एकपासून. रात्री प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" इथं थांबला आणि डोळे उघडून म्हणाला, आई, आपल्या तर सगळ्या त्यांना गेल्या, आता आपल्याला कोण देणार? खरंच पीठ संपलं होतं, आम्ही त्या रात्री भात खाल्ला. त्याला वाटलं भात म्हणजे देवाकडून चूक झाली.

आता गणपती आणि आरती. अगं त्याला ताल आवडतो, दुसरं काही नाही. टाळ, ढोलकी, चार पोरं एका सुरात ओरडतायत, सहा वर्षांच्या पोराला अजून काय पाहिजे. आमच्या पोराला मी सांगायची, ती त्यांची प्रार्थना आहे, आपण शेजारी आहोत, तिथं उभं राहायचं तर नीट उभं राहायचं, दंगा करायचा नाही. प्रसादाबद्दल तुमच्या घरी काय ठरलंय ते तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही, पण आपण नाताळला त्यांच्याकडं करंज्या पाठवतो आणि ते खातात एवढं लक्षात असू दे. आणि ताल काय आपल्याकडं नाही होय? कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती झाले, आणि अभंग, कीर्तन, टाळ सगळं बरोबर घेऊन आले, आजही आपण उपासनेत त्यांची भजनं म्हणतो. तुझ्या घरी यूट्यूबवर इंग्लिश कोरस लागत असतील तर ते बंद कर असं म्हणत नाही, पण बाजारातून टाळांची एक जोडी आण, त्याच्या हातात दे आणि प्रार्थनेच्या आधी एक भजन घ्या, मग बघ टेबलाखालून बाहेर येतो का. ताट तर त्याला वाजवता येतंच आहे!

आणि टिळकांवरून सासूबाईंना सांग, त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. एवढे मोठे कवी घरात, तरी बायकोला वेळ लागला. तुझं पोर पहिलीत आहे.

माझा मुलगा आता पुण्यात नोकरी करतो, दर रविवारी चर्चला जातो का, तर नाही जात, मी विचारते तेव्हा विषय बदलतो, हेही तुला सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल ताईंचं सगळं छान झालं. २०१९ च्या पुरात तो कॉलेजला होता. सांगलीत कृष्णेवरच्या इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांवर गेलेलं, आमची सगळी नातेवाईक मंडळी सांगलीत अडकलेली, फोन लागेना. मी साताऱ्यात नुसती पावसाकडं बघत बसलेली. रात्री त्याचा फोन आला, काकांचं विचारलं, मग जरा वेळ गप्प, मग म्हणाला, "आई, मला काही ऊन पडणार नाही म्हणायचो ना मी? आता पडू दे म्हणावं एकदाचं." दोघंही हसलो आणि मग त्यानंच फोनवर स्तोत्र सुरू केलं, पूर्ण, उणे बरोबर म्हणून.

प्रश्न: मुलांना दानासाठी पैसे आपण द्यावेत का त्यांच्या खाऊच्या पैशातून द्यायला लावावेत?
– वाई, जि. सातारा

उत्तर: खाऊच्या पैशातून, पण जबरदस्ती नको. आमच्याकडं हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकातलं काही चर्चला वाहतात तेव्हा, परसातला लाल भोपळा पोराने स्वतः उचलून नेला होता, हौसेनं, आणि उपासनेनंतर लिलावात दुसरं कुणी बोली लावायला लागलं तेव्हा भोंगा पसरला, माझा भोपळा, माझा भोपळा. शेवटी ह्यांना आपलाच भोपळा १४० रुपयाला विकत घ्यावा लागला. देणं म्हणजे परत मिळत नाही हे त्याला त्या वर्षी कळलंच नाही, पुढच्या वर्षी कळलं.

प्रश्न: मुलीला मराठी वाचायला जड जातं, इंग्लिश बायबलच द्यावं का?
– सांगली

उत्तर: इंग्लिश असू दे, पण रोज पाच ओळी तू मराठीतून मोठ्यांदा वाच. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, आपल्या साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून, १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ ला ते छापून आलं. आपल्या घरात मात्र ते कपाटावर, वर पोस्टाची पाकिटं. खाली काढ. पहिले काही दिवस ती "मराठी नको ना मम्मी" म्हणेल, म्हणू दे, जेवताना वाच म्हणजे उठून जाणार नाही.